वाय-फाय प्रिंटर 'ऑफलाइन' झाला? आधी अडलेली जागा शोधा

कालपर्यंत नीट चालणारा वाय-फाय प्रिंटर आज संगणकावर 'ऑफलाइन' दिसतो. प्रिंटर सुरू आहे, शाई आहे, कागद भरलेला आहे, मोबाइलवर इंटरनेटही चालतंय, पण प्रिंट काही निघत नाही. अशा वेळी बहुतेक घरांत पहिला उपाय ठरलेला असतो: संगणकावरून प्रिंटर काढून टाका आणि ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, नव्याने टाका. माझं आग्रहाचं सांगणं आहे की हा उपाय शेवटासाठी राखून ठेवा. त्यात वेळ बराच जातो, जुनी सेटिंग्ज पुसली जातात, आणि दोष राउटरकडे असेल तर एवढं करूनही प्रिंटर ऑफलाइनच राहतो.

वाय-फायवरून प्रिंट काढताना मजकूर संगणकाकडून राउटरकडे जातो आणि राउटरकडून प्रिंटरकडे. म्हणजे काम तीन ठिकाणी अडू शकतं: प्रिंटर आणि राउटरच्या मध्ये, संगणक आणि राउटरच्या मध्ये, किंवा संगणकाच्या आतच. कुठे अडलंय ते समजलं की दुरुस्ती बहुधा काही मिनिटांची असते. म्हणून आधी तपासणी, मग उपाय.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. घरातल्या घरात प्रिंट काढायला इंटरनेट लागत नाही, राउटर चालू असला की पुरे. फायबरची लाइन तुटलेली असली तरी प्रिंट निघायला हवी. एचपी प्लस योजनेत नोंदवलेले प्रिंटर याला अपवाद आहेत, त्यांना इंटरनेट सतत लागतं. उलट बाजूने, लॅपटॉपवर इंटरनेट चालतंय म्हणजे प्रिंटरही जोडलेला असणार, असंही नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

लाइट जाऊन आली असेल तर

आपल्याकडे प्रिंटरची जोडणी तुटण्याचं नेहमीचं कारण हेच आहे. वीज परत आली की प्रिंटर आणि फायबरचा डबा एकाच वेळी सुरू होतात. प्रिंटर लवकर तयार होतो, डब्याला मात्र पूर्ण सुरू होऊन वाय-फाय द्यायला काही मिनिटं लागतात. तोवर प्रिंटरने नेटवर्क शोधलेलं असतं, त्याला ते सापडलेलं नसतं, आणि काही मॉडेल पुन्हा शोधायचा प्रयत्नच करत नाहीत. राउटर इन्व्हर्टरवर आणि प्रिंटर साध्या लाइनवर असेल तर हा त्रास बराच कमी होतो, कारण प्रिंटर सुरू होईपर्यंत राउटर तयारच असतो.

सगळं पुन्हा सुरू करायचं, पण या क्रमाने:

१. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा. भिंतीवरचं बटण एकदम बंद करू नका. शाईचा प्रिंटर बटणाने बंद केला की आतलं हेड आपल्या जागी जाऊन झाकलं जातं. तसं झालं नाही तर शाई वाळण्याचा धोका असतो. आतला आवाज थांबला की मग प्लग काढा.

२. राउटर बंद करा. फायबरचा डबा वेगळा आणि राउटर वेगळा असेल तर दोन्ही बंद करा. अर्धा मिनिट थांबा.

३. आधी फायबरचा डबा, मग राउटर सुरू करा. मोबाइल वाय-फायला नीट जोडला जाईपर्यंत थांबा. घाई करू नका, सगळा फायदा या थांबण्यातच आहे.

४. आता प्रिंटर सुरू करा. दोन मिनिटं द्या.

५. शेवटी संगणक रीस्टार्ट करा. झाकण मिटून उघडणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोजमध्ये 'शट डाउन' करूनही काही भाग तसाच राहतो, म्हणून 'रीस्टार्ट' हाच पर्याय निवडा.

एवढ्याने प्रिंट निघाली तर आज काम झालं. मात्र पुन्हा पुन्हा असं करावं लागत असेल तर खाली 'पत्ता कायमचा करून टाका' हा भाग जरूर वाचा.

प्रिंटरलाच विचारा

संगणक प्रिंटरबद्दल काय सांगतो त्यापेक्षा प्रिंटर स्वतः काय सांगतो यावर जास्त विश्वास ठेवावा. संगणक अनेकदा जुनी माहिती दाखवत असतो.

आधी वाय-फायचा दिवा बघा. एचपीच्या बऱ्याच मॉडेलवर निळा दिवा स्थिर असेल तर प्रिंटर नेटवर्कला जोडलेला आहे आणि लुकलुकत असेल तर नाही. इतर कंपन्यांच्या दिव्यांचे अर्थ वेगळे असतात, ते पुस्तिकेत बघावे लागतात. आणि नवा प्रिंटर घेतलेल्यांनी एक खात्री करून घ्यावी, ती म्हणजे आपल्या मॉडेलमध्ये वाय-फाय आहे की नाही. एप्सनचा एल३११० आणि एल३१५० दिसायला जवळपास सारखे आहेत, पण पहिल्यात वाय-फाय नाही, तो फक्त केबलवर चालतो.

दिव्यापेक्षा खूप जास्त माहिती देणारी गोष्ट म्हणजे नेटवर्कच्या माहितीचा कागद. जवळपास प्रत्येक वाय-फाय प्रिंटर हा कागद छापून देतो आणि त्यासाठी संगणक लागत नाही. एचपीच्या अनेक डेस्कजेट मॉडेलवर वायरलेस आणि माहितीचं 'आय' ही दोन बटणं एकदम दाबायची. पडदा असलेल्या प्रिंटरवर सेटिंग्जमध्ये नेटवर्क किंवा वाय-फाय सेटअप या भागात तसा पर्याय असतो. कागद इंग्रजीत येतो आणि भरगच्च दिसतो, पण आपल्याला त्यातल्या तीनच ओळी हव्या आहेत:

नेटवर्कचं नाव, म्हणजे एसएसआयडी. हे तुमच्या घरच्या वाय-फायचंच नाव आहे का? शेजाऱ्याचं, जुन्या राउटरचं किंवा कधी काळी जोडलेल्या मोबाइल हॉटस्पॉटचं तर नाही ना?

आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला प्रिंटरचा पत्ता. चार आकडे, मध्ये टिंबं.

मॅक अ‍ॅड्रेस. सहा जोड्यांचा हा क्रमांक प्रिंटरचा कायमचा ओळखक्रमांक असतो. तो पुढे लागणार आहे.

आयपी अ‍ॅड्रेसवरूनच निम्मं निदान होतं. पत्ता ०.०.०.० असेल तर प्रिंटर नेटवर्कला जोडलेलाच नाही. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळाला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे. अशा वेळी वरच्या क्रमाने राउटर आणि प्रिंटर पुन्हा सुरू करायचे. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, किंवा काही घरांत १० ने, तर प्रिंटर आणि राउटरची जोडणी शाबूत आहे. मग शोध पुढे न्यायचा.

दोघे एकाच नेटवर्कवर आहेत का?

इथे जरा जास्त वेळ द्या. मला सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच सापडतो, आणि संगणक त्याबद्दल काहीच सांगत नाही.

संगणकाचा पत्ता असा बघायचा. विंडोजमध्ये स्टार्ट मेन्यूत 'सीएमडी' अशी अक्षरं टाइप करून काळी खिडकी उघडा आणि तिथे 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) ही आज्ञा द्या. या आज्ञा आणि पुढे येणारे सगळे आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच टाइप करायचे असतात. आलेल्या यादीत 'आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस' ही ओळ शोधा. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या तपशिलात हाच पत्ता दिसतो.

आता दोन्ही पत्ते शेजारी लिहा. घरगुती नेटवर्कमध्ये पहिले तीन आकडे सारखे असायला हवेत आणि शेवटचा वेगळा. संगणक १९२.१६८.१.५ आणि प्रिंटर १९२.१६८.१.९ असेल तर ठीक. संगणक १९२.१६८.०.५ आणि प्रिंटर १९२.१६८.१.९ असेल तर दोघे वेगवेगळ्या नेटवर्कवर आहेत आणि एकमेकांना दिसणार नाहीत.

असं का होतं? सहसा घरात दोन राउटर असतात म्हणून. फायबरवाल्याने दिलेला डबा हॉलमध्ये असतो, आतल्या खोलीत रेंज पोहोचत नाही म्हणून कोणीतरी दुसरा राउटर आणून लावलेला असतो. दोन्ही वाय-फाय देतात, दोन्ही पत्ते वाटतात. प्रिंटर एकाला जोडलेला, लॅपटॉप दुसऱ्याला. तात्पुरता उपाय म्हणजे दोन्ही उपकरणं एकाच वाय-फायला जोडणं. कायमचा उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्याला 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड'वर ठेवणं. मग पत्ते वाटायचं काम एकटा पहिला डबा करतो आणि दुसरा फक्त रेंज वाढवतो.

दुसरं कारण गेस्ट नेटवर्क. पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय नाव सुरू केलेलं असेल आणि लॅपटॉप त्यावर असेल तर प्रिंटर दिसणार नाही. पाहुण्यांना घरातली उपकरणं दिसू नयेत यासाठीच ते असतं. राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' नावाचं सेटिंग सुरू असेल तर मुख्य नेटवर्कवरही उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. ते बंद ठेवा.

तिसरं, ऑफिसचा लॅपटॉप. घरून काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर व्हीपीएन सुरू असतो आणि तो सगळा मजकूर कंपनीच्या नेटवर्ककडे वळवतो, घरच्या प्रिंटरकडे काहीच जात नाही. व्हीपीएन थोडा वेळ बंद करून प्रिंट काढून बघा. तो बंद करायची परवानगी नसेल तर फाइल नियमात बसत असेल तरच मोबाइलवर घेऊन प्रिंट काढा, आणि कंपनीच्या आयटी विभागाला स्थानिक प्रिंटरची मुभा मागा. परस्पर सेटिंग बदलू नका.

चौथं, 'डायरेक्ट' या शब्दाने सुरू होणारं वाय-फायचं नाव. प्रिंटर स्वतःचं छोटं नेटवर्क तयार करतो, ते हे. लॅपटॉप चुकून त्याला जोडला गेला तर प्रिंट निघते पण इंटरनेट जातं. मग कोणीतरी लॅपटॉप परत घरच्या वाय-फायवर आणतं आणि प्रिंटर गायब होतो. हे दुष्टचक्र तोडायचं असेल तर प्रिंटर घरच्या मुख्य वाय-फायला जोडून घ्या.

२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ

आजचे बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर वाय-फाय देतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. घरगुती प्रिंटरपैकी पुष्कळांना फक्त २.४ कळतो. प्रिंटर २.४ वर आणि लॅपटॉप ५ वर असला तरी राउटर एकच असेल तर सहसा काही अडत नाही, दोघे एकमेकांना दिसतात. अडतं ते जोडणी करताना. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असेल तर काही प्रिंटर सेटअपच्या वेळी गोंधळतात आणि पासवर्ड बरोबर असूनही जोडले जात नाहीत. अशा वेळी राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झ थोडा वेळ बंद करा किंवा दोन्हींना वेगळी नावं द्या, प्रिंटर जोडून घ्या, मग ५ परत सुरू करा.

प्रिंटरच्या यादीत घरचं वाय-फाय दिसतच नसेल तर राउटरचा चॅनेल तपासा. २.४ च्या पट्टीत १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून त्यांतला एक निवडावा. राउटरने स्वतःहून १२ किंवा १३ घेतला असेल तर काही उपकरणांना तो दिसत नाही. प्रिंटर मायक्रोवेव्हशेजारी किंवा लोखंडी कपाटामागे ठेवलेला असेल तर तिथून हलवा. मायक्रोवेव्ह याच पट्टीत काम करतो.

पिंग: सगळ्यात उपयोगी चाचणी

पत्ते जुळत असतील तर त्या काळ्या खिडकीत 'पिंग' लिहा, एक जागा सोडा, प्रिंटरचा पत्ता टाका आणि एंटर दाबा. 'रिप्लाय फ्रॉम' ने सुरू होणाऱ्या ओळींत प्रिंटरचाच पत्ता आणि शेजारी मिलिसेकंद दिसले तर प्रिंटरचं उत्तर आलं. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' किंवा 'अनरीचेबल' दिसलं तर उत्तर आलं नाही.

काळी खिडकी नको वाटत असेल तर ब्राउझर उघडा आणि वर जिथे वेबसाइटचं नाव टाकतो तिथे प्रिंटरचा पत्ता टाका. बहुतेक वाय-फाय प्रिंटर स्वतःचं एक पान दाखवतात, त्यात शाई किती आहे तेही कळतं. सुरक्षेचा इशारा आला तरी बिचकू नका. पत्ता आपल्या घरातलाच आहे याची खात्री करून पुढे जा.

पिंगचं उत्तर आलं किंवा पान उघडलं, की वाय-फाय, राउटर आणि प्रिंटर तिन्ही ठीक आहेत. दोष संगणकाच्या आत आहे, म्हणून राउटरला आता हात लावू नका. पिंगचं उत्तरही नाही आणि पानही उघडलं नाही तर दोष नेटवर्कचा आहे, आणि ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी फरक पडणार नाही.

मोबाइलवरूनही हे पडताळता येतं. फोन त्याच वाय-फायवर ठेवा आणि एखादा फोटो प्रिंटला द्या. आयफोनमध्ये २०१० पासून एअरप्रिंट आहे आणि अँड्रॉइडमध्येही प्रिंटची सोय अंगभूत असते. फोनवरून प्रिंट निघते आणि लॅपटॉपवरून नाही, तर लॅपटॉपच बघायचा.

दोष संगणकात असेल तर

सोप्यापासून सुरुवात करा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', मग 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'. इथे एकाच प्रिंटरच्या दोन-तीन नोंदी दिसतात का? 'कॉपी १' असं शेपूट लागलेली नोंद बऱ्याच घरांत असते. त्यातली एक जिवंत आणि बाकीच्या मेलेल्या असतात, आणि आपण नेमकी मेलेल्या नोंदीवर प्रिंट देत असतो. प्रत्येकीवर चाचणी पान काढून बघा, जी चालते ती ठेवा, बाकीच्या काढा. याच पानावर 'लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर' हे बंद करून आपला प्रिंटर डीफॉल्ट करा. नाहीतर विंडोज शेवटचा वापरलेला प्रिंटर डीफॉल्ट धरत राहतो, मग तो पीडीएफ बनवणारा नावापुरता प्रिंटर का असेना.

विंडोज १० मध्ये प्रिंटरची रांग उघडून 'प्रिंटर' मेन्यूत 'यूज प्रिंटर ऑफलाइन' किंवा 'पॉज प्रिंटिंग' यांवर टिक नाही ना ते बघा. मॅकवर रांगेत 'रिझ्यूम' असं बटण दिसत असेल तर ते दाबा.

रांगेत एखादी फाइल अडकली की तिच्यामागच्या सगळ्या अडतात, आणि ती 'कॅन्सल' करूनही जात नाही. तेव्हा असं करा:

१. स्टार्ट मेन्यूत 'सर्व्हिसेस' शोधून उघडा. यादीत 'प्रिंट स्पूलर' शोधा, उजवं क्लिक करून 'स्टॉप' करा.

२. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, मग सिस्टिम३२, मग स्पूल, मग प्रिंटर्स हे फोल्डर उघडा. परवानगी मागितली तर द्या. आतल्या सगळ्या फाइल पुसा. फोल्डर मात्र पुसू नका.

३. परत 'सर्व्हिसेस'मध्ये येऊन प्रिंट स्पूलर 'स्टार्ट' करा.

आता मुख्य संशयित, म्हणजे बदललेला पत्ता. राउटर उपकरणांना पत्ते ठरावीक मुदतीसाठी देतो. प्रिंटर बरेच दिवस बंद राहिला किंवा राउटर नव्याने सुरू झाला तर प्रिंटरला दुसरा पत्ता मिळू शकतो. संगणकाला हे कळत नाही, आणि घर बदललेल्या माणसाची पत्रं टपालवाल्याने जुन्याच घरी टाकत राहावी तसा तो प्रिंट जुन्या पत्त्यावर पाठवत राहतो. तपासण्यासाठी प्रिंटरच्या पानावर 'प्रिंटर प्रॉपर्टीज' उघडा आणि 'पोर्ट्स' हा भाग बघा. टिक असलेल्या ओळीतला पत्ता आणि प्रिंटरने छापून दिलेला पत्ता जुळत नसेल तर दोष सापडला. 'अ‍ॅड पोर्ट', मग 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट', मग 'न्यू पोर्ट' निवडून प्रिंटरचा खरा पत्ता टाका आणि बाहेर पडा. प्रिंटर पुन्हा टाकायची गरज नाही.

तिथे आयपी पत्त्याऐवजी 'डब्ल्यूएसडी' ने सुरू होणारं पोर्ट दिसत असेल तर विंडोजने प्रिंटर आपोआप शोधून जोडलेला आहे. हे पोर्ट सोयीचं आहे, पण झोपेतून उठलेल्या लॅपटॉपवर ते मला भरवशाचं वाटत नाही. शक्य तिथे मी टीसीपी/आयपी पोर्टच करून देतो.

पोर्ट बरोबर आहे, पिंग जातं, प्रिंटही कधी कधी निघते, तरी 'ऑफलाइन' दिसतं असं असेल तर त्याच पोर्टच्या 'कॉन्फिगर पोर्ट' मध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' ही टिक काढा. त्या मार्गाने विचारलेल्या प्रश्नाला प्रिंटरचं उत्तर आलं नाही की विंडोज त्याला ऑफलाइन समजतो.

विंडोजमध्ये घरचं वाय-फाय 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं असेल तर तेही 'प्रायव्हेट' करा. पब्लिक असताना संगणक शेजारच्या उपकरणांपासून लपून राहतो. रेल्वे स्टेशनवर हे योग्यच आहे, पण घरात त्यामुळे प्रिंटर सापडत नाही. वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याच्या फायरवॉलमध्येही घरचं नेटवर्क विश्वासाचं म्हणून नोंदवा.

मॅकवर काहीच जमलं नाही तर प्रिंटरच्या यादीवर कंट्रोल दाबून क्लिक करा आणि 'रीसेट प्रिंटिंग सिस्टिम' निवडा. यादीतले सगळे प्रिंटर निघून जातात आणि आपला नव्याने जोडावा लागतो. कंपनीच्या अ‍ॅपला प्रिंटर सापडत नसेल तर आणखी एक जागा बघा. मॅकओएस सेक्वोया, म्हणजे २०२४ पासून, अ‍ॅपला घरच्या नेटवर्कवर शोध घ्यायची परवानगी द्यावी लागते. ती 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'लोकल नेटवर्क' या ठिकाणी असते. आयफोनवर ही अट २०२० पासून आहे.

पत्ता कायमचा करून टाका

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. राउटरला सांगून ठेवायचं की या प्रिंटरला नेहमी हाच पत्ता दे.

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. 'आयपीकॉन्फिग'च्या यादीत 'डीफॉल्ट गेटवे' समोर तो असतो. अनेक राउटरचा १९२.१६८.१.१ असतो, जिओफायबरचा १९२.१६८.२९.१. युजरनेम आणि पासवर्ड बऱ्याचदा डब्याच्या मागच्या किंवा खालच्या लेबलवर छापलेले असतात. आत लॅन किंवा डीएचसीपी या भागात 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन', 'स्टॅटिक लीज' किंवा 'आयपी मॅक बाइंडिंग' अशा नावाचा पर्याय सापडेल. तिथे कागदावरचा मॅक अ‍ॅड्रेस आणि हवा तो आयपी पत्ता टाका. प्रिंटरला आज मिळालेलाच पत्ता द्यावा, ते सोपं पडतं. सेव्ह करा आणि प्रिंटर बंद करून सुरू करा.

काही डब्यांत हा पर्याय बंद केलेला असतो. मग प्रिंटरच्या सेटिंग्जमध्येच 'मॅन्युअल आयपी' ठेवता येतो, पण तेव्हा राउटर जे पत्ते वाटतो त्या टप्प्याबाहेरचा आकडा निवडावा लागतो. नाहीतर तोच पत्ता एखाद्या मोबाइललाही मिळेल आणि दोघांची टक्कर होईल.

राउटर बदलला, पासवर्ड बदलला

फायबरवाल्याने नवा डबा बसवला की घरातला प्रिंटर, टीव्ही, कॅमेरा सगळं एकदम तुटतं. त्यावर एक साधी युक्ती आहे. नव्या राउटरला जुनंच वाय-फाय नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अक्षरन् अक्षर, लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांसह. प्रिंटरच्या लक्षात तीच जोडी असते, म्हणून तो सहसा आपोआप जोडला जातो. डबा बसवायला आलेला माणूस समोर असतानाच हे करून घ्या.

तरीही जोडला नाही तर सुरक्षेचा प्रकार बघा. नवे राउटर डब्ल्यूपीए३ वर असू शकतात आणि जुन्या प्रिंटरना ते समजत नाही. राउटरमध्ये 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असा मिश्र पर्याय ठेवा, तोही चालला नाही तर डब्ल्यूपीए२. डब्ल्यूईपी किंवा विनापासवर्ड कधीही ठेवू नका.

नव्याने जोडताना पडदा असलेल्या प्रिंटरवर नाव निवडून पासवर्ड टाकायचा. पडदा नसेल तर राउटरवर डब्ल्यूपीएस बटण आहे का बघा. ते दाबल्यावर दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरचं वाय-फाय बटण पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दाबून धरायचं. नेटवर्क फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर ही पद्धत चालत नाही. तिसरा मार्ग कंपनीच्या मोबाइल अ‍ॅपचा. त्यासाठी प्रिंटर सेटअपच्या अवस्थेत हवा. एचपीच्या बऱ्याच मॉडेलवर वायरलेस आणि कॅन्सल बटणं काही सेकंद एकत्र दाबली की तो त्या अवस्थेत जातो आणि दोन तास राहतो. फोनचं ब्लूटूथ आणि लोकेशन त्या वेळी सुरू ठेवा.

ड्रायव्हर, आता

पिंग जातं, पोर्ट बरोबर आहे, रांग रिकामी आहे, फोनवरून प्रिंट निघते, तरी संगणकावरून नाही. आता ड्रायव्हरची पाळी. विंडोजच्या अपडेटनंतर लगेच बिघडलं असेल तर इथे लवकर या. प्रिंटर काढा, कंपनीचं सॉफ्टवेअर 'अ‍ॅप्स'मधून काढा, रीस्टार्ट करा आणि मॉडेलचं पूर्ण नाव टाकून कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरूनच ड्रायव्हर घ्या. 'फ्री ड्रायव्हर डाउनलोड' म्हणणाऱ्या भलत्या साइट टाळा. विंडोज ११ मध्ये 'विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड' कोणी सुरू केला असेल तर कंपनीचा ड्रायव्हर चालणारच नाही. 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'च्या पानावर तो बंद करता येतो.

हेल्पलाइन शोधताना सावध

हे मी कळकळीने सांगतो, विशेषतः ज्यांच्या घरी आई-बाबा एकटे संगणक वापरतात त्यांना. प्रिंटरच्या कंपनीचं नाव आणि 'हेल्पलाइन नंबर' असं शोधलं की वर जाहिराती येतात, आणि त्यांतल्या काही फसव्या असतात. फोनवरचा माणूस 'तुमच्या प्रिंटरमध्ये व्हायरस आहे' म्हणतो, स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावतो, आणि मग पैसे मागतो किंवा बँकेचे तपशील काढून घेतो. नंबर नेहमी प्रिंटरच्या खोक्यावरून, पुस्तिकेतून किंवा अधिकृत वेबसाइटवरूनच घ्या. फोन आपणहून कोणी केला असेल तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर भारतात लगेच १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. उशीर जितका कमी, पैसे रोखले जाण्याची शक्यता तितकी जास्त.

तरीही जमलं नाही तर

यूएसबी केबलने प्रिंटर थेट संगणकाला जोडा. बहुतेक प्रिंटरना प्रिंटरच्या बाजूला चौकोनी तोंड असलेली केबल लागते. ती पाच मीटरपेक्षा लांब घेऊ नका. केबलवर प्रिंट निघाली तर प्रिंटरचं यंत्र चांगलं आहे, दोष फक्त वाय-फायचा आहे. केबल लावल्यावर विंडोज यादीत आणखी एक नोंद करतो, तेव्हा प्रिंट देताना तीच निवडा. घरात प्रिंटर एकाच टेबलावर, एकाच संगणकाजवळ असेल तर केबलवरच ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. प्रिंटरला लॅनची खाच असेल आणि राउटर जवळ असेल तर लॅन केबल त्याहून चांगली, कारण मग घरातले सगळे संगणक तो वापरू शकतात.

केबलवरही प्रिंट निघाली नाही, किंवा प्रिंटर शेजारच्या मोबाइलचा २.४ गिगाहर्ट्झवर ठेवलेला हॉटस्पॉटही पकडत नसेल, तर अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठा. सोबत नेटवर्कचा तो छापील कागद (निघाला असेल तर), मॉडेल आणि सिरियल क्रमांक, दिव्यांचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आणि खरेदीचं बिल न्या. 'हॉटस्पॉटवरही जोडला जात नाही' हे वाक्य तिथे आवर्जून सांगा, म्हणजे तुमचा राउटर बघा असं सांगून तुम्हाला परत पाठवता येणार नाही.